मात्रा चुकली

वर्गात मी मात्रा मोजायला शिकवतो. पादाकुलकाच्या चरणात सोळा. पंधरा चालत नाहीत, सतराही नाहीत. पण घरी माझ्या हातून मात्रा चुकली, ती माशांच्या औषधाची.

कन्येच्या हट्टापायी आमच्या दिवाणखान्यात दोन फुटी काचपेटी आली आणि तीत चार गोल्डफिश. पहिल्याच रविवारी मी अर्धे पाणी उपसून पेटी थेट नळाने भरली. संध्याकाळपर्यंत दोन मासे उलटे झाले. पोरगी जेवली नाही. दुकानदार म्हणाला, "सर, नळाचं पाणी माणसांसाठी असतं." जंतू मारणारा क्लोरीन माशांचे कल्लेही जाळतो. त्याने वॉटर कंडिशनरची बाटली दिली. अशा औषधांत बहुधा सोडियम थायोसल्फेट असते. जुन्या फोटोग्राफरांच्या अंधाऱ्या खोलीतला हायपो तो हाच.

पुढच्या रविवारी भीतीने मी तीन-चार टोपणे ओतली. औषधच ते, जास्त झाले म्हणून काय बिघडते? शिवाय घरघरीने झोप लागेना म्हणून रात्री हवेचा पंपही बंद केला. पहाटे हाक आली, "बाबा, मासे बघा ना, वर तोंड काढून कसं करताहेत!" अशा बाटल्यांतली काही रसायने फार झाली की पाण्यातला प्राणवायूच खातात. पंप लावला, थोडे पाणी बदलले. दुपारी ते दोघे सावरले. मी मात्र दिवसभर तिच्या नजरेला नजर दिली नाही.

मग कागद-पेन्सिल घेऊन बसलो. लांबी ६० सेंटिमीटर, रुंदी ३० आणि उंची २५. ही उंची पाण्याची, काचेची नव्हे. गुणाकाराला १००० ने भागले की ४५ लिटर. खडी-दगडांचे पाचेक वजा, राहिले ४०. आमच्या बाटलीवर ४० लिटरला ५ मिलिलिटर लिहिले आहे; तुमच्या बाटलीवर निराळे असेल, तेच खरे. १५ लिटरच्या बादलीत औषध मिसळून मग पाणी पेटीत सोडायचे तर दोन मिलिलिटरही लागत नाही. बिनसुईच्या सिरिंजने ते नेमके मोजता येते. मात्र नळी थेट पेटीत सोडणार असाल, तर हिशेब सबंध पेटीचा धरावा आणि औषध नळ उघडण्यापूर्वी घालावे.

पाणी रात्रभर उघडे ठेवण्याचा आमच्या सौ.चा उपाय क्लोरीनपुरता बरा. काही शहरांत पाण्यात क्लोरामाइन असते, ते असे उडून जात नाही. नुसत्या हायपोने ते फुटते खरे, पण मागे अमोनिया उरतो आणि तोही माशांना विषच. तिथे अमोनियाचाही बंदोबस्त करणारी बाटली पाहून घ्यावी.

आता सिरिंज कन्येच्या ताब्यात असते. ती आकडा दोनदा वाचते, मोठ्याने. मला फक्त बादली उचलायची परवानगी आहे.