निरोप मिळाला तरच पेशी जगते



या वेळी आम्ही आपल्या अंगातल्या टपालाची गोष्ट सांगणार आहोत. आईच्या पोटात बाळ वाढतं, तेव्हा पाठीच्या कण्याजवळच्या मज्जापेशींना लांब धागे फुटतात. त्यातला एखादा थेट पायाच्या अंगठ्यापर्यंत जातो. तो जगेल की मरेल, हे ठरवतं कोण?

याचा पत्ता लावला रिटा लेवी-मोंताल्चिनी या इटलीतल्या यहुदी डॉक्टरबाईंनी. १९३८ साली मुसोलिनीच्या सरकारने यहुदी लोकांविरुद्ध कायदे केले आणि त्यांना विद्यापीठाची दारं बंद झाली. बाई काय स्वस्थ बसणाऱ्या! तुरीन शहरात राहत्या घरी, निजायच्या खोलीतच त्यांनी प्रयोगशाळा मांडली. शिवणाच्या सुया घासून हत्यारं केली आणि अंड्यातल्या पिलांची वाढ पाहू लागल्या. बॉम्ब पडू लागले, तेव्हा खेड्यात जाऊनही काम सोडलं नाही.

त्यांना दिसलं ते असं. पिलाच्या पायाचा कोंब काढून टाकला, तरी तिकडे जायच्या मज्जापेशी जन्मतात, पण पुढे मरून जातात. म्हणजे पायाकडून त्यांना जे मिळायला हवं, ते मिळत नव्हतं. १९४७ साली बाई अमेरिकेत सेंट लुईसला गेल्या. तिथे स्टॅन्ली कोहेन यांच्या साथीने ते द्रव्य हाती लागलं. त्याचं नाव नर्व्ह ग्रोथ फॅक्टर. १९८६ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळालं.

हे द्रव्य म्हणजे एक प्रथिन. कातडी ते अगदी थोडं सोडते. धाग्याच्या टोकाला जणू कुलूप असतं आणि हे प्रथिन त्याची किल्ली. किल्ली बसली की धागा वाढतो, आणि 'जग!' हा निरोप धाग्यातून मागे पेशीच्या गाभ्यापर्यंत पोहोचतो. ज्यांना निरोप मिळत नाही त्या पेशी मरतात. कित्येक ठिकाणी सुमारे निम्म्या. त्यामुळे जिथे जेवढ्या नसा हव्यात तेवढ्याच उरतात. सगळ्याच मज्जापेशींना हेच द्रव्य लागतं असं नाही बरं का. इतरांचे निरोपे वेगळे.

आजी-आजोबांसाठीही यात काही आहे. डोळ्याच्या पारदर्शक पडद्याच्या नसा बिघडून तिथे जखमा होतात, त्या आजारावर याच प्रथिनाचे थेंब २०१८ साली अमेरिकेत मंजूर झाले. बाई २०१२ साली, १०३ वर्षांच्या होऊन वारल्या.

तेव्हा मुलांनो, ठेच लागून अंगठा ठणकला तर रडा खुशाल. पण ध्यानात ठेवा, दुखणं कळवणारा तो धागा तुमच्या जन्माआधीच निरोप मिळवून जगलेला आहे.