संगणक कुलपात, फी आपल्या खिशातून

माझी धाकटी बहीण भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या सरकारी शाळेत आठवीला आहे. मागच्या पालकसभेला अम्मीसोबत गेलो, तेव्हा संगणकाची खोली पाहिली. दाराला कुलूप, आत कव्हर घातलेले संगणक. शिकवणारं कुणी नाही आणि विजेचं बिल थकलेलं.

दोष मुख्याध्यापकांना देऊन भागणार नाही. शाळांमध्ये संगणक आणणारी केंद्राची आयसीटी योजना 2004 सालची. महाराष्ट्रात ती पाच वर्षांच्या कराराने कंपन्यांकडे दिली गेली. लॅब कंपनीने उभारायची, शिक्षक मानधनावर ठेवायचा, मुदत संपली की यंत्रं शाळेची. आणि शिक्षक? तो घरी. कायम करा म्हणून या शिक्षकांनी कितीदा आंदोलनं केली. यंत्रं मात्र राहिली, जुनी होत.

विजेचंही तसंच. शंभरपर्यंत पट असलेल्या शाळेला समग्र शिक्षेचं संयुक्त अनुदान वर्षाला जास्तीत जास्त 25,000 रुपये. दुरुस्ती, स्वच्छता, पाणी, इंटरनेट, वीज, सगळं त्यातच. आणि 2020च्या शैक्षणिक धोरणात गोष्ट सहावीपासून कोडिंगची!

दुसरीकडे, कित्येक सरकारी पदांच्या जाहिरातीत एमएस-सीआयटी किंवा समकक्ष प्रमाणपत्राची अट असते. हा कोर्स 2001 पासून आहे, पण तो फी भरून, बाहेरच्या केंद्रात करायचा. आपाने केला तेव्हा अम्मीने विड्या वळून साठवलेले पैसे त्यात गेले. जे सरकार अट घालतं, त्यानेच ते शाळेत फुकट शिकवायला नको का?

‘आता सगळ्यांकडे मोबाईल आहे’ असं कुणी म्हणेल. रील बनवणारे आमचे कितीतरी दोस्त स्कॉलरशिपचा फॉर्म भरायला पैसे देऊन सेवा केंद्रात बसतात. मीही बसलोय.

मोहल्ल्यात वर्गणी काढून संगणक वर्ग काढू, असं आपण नेहमी म्हणतो. जरूर काढू. पण माझ्या बहिणीच्या वर्गात ढिवरांची, शेतमजुरांची पोरंही आहेत. ती आपल्या वर्गणीत कुठे बसणार? म्हणून मागणी शाळेसाठीच हवी: संगणक शिक्षकाचं कायम पद आणि वीजबिलासाठी वेगळा निधी.

शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या महिला. आमची अम्मी यंदा त्यात आहे. आजवर ती फक्त सही करून यायची. पुढच्या बैठकीसाठी आम्ही तिघांनी मिळून ठरावाचा मसुदा लिहिलाय. वाचून दाखवणार तीच आहे.