काठी मिळाली, पायाखालच्या जमिनीचे काय?

घरातील वृद्ध माणूस पडला की 'वय झाले' एवढ्यावर विषय संपविला जातो. वस्तुतः हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार, पडल्यामुळे जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे दगावतात. त्यांत साठी ओलांडलेल्यांची संख्या सर्वाधिक असते. खुब्याचे हाड मोडलेला वृद्ध वाचला तरी पुष्कळदा पूर्वीसारखा चालू शकत नाही.

भंडारा जिल्ह्याला या विषयात आरंभापासून स्थान मिळाले. वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ मध्ये सुरू झाला. त्याच्या पहिल्या टप्प्यासाठी निवडलेल्या देशातील १०० जिल्ह्यांत भंडारा होता. जिल्हा रुग्णालयात दहा खाटांचा कक्ष, प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एकदा वृद्धांची तपासणी आणि अंथरुणाला खिळलेल्यांना घरभेट अशी त्याची आखणी आहे. २०१७ मध्ये केंद्राने 'राष्ट्रीय वयोश्री योजना' आणून गरीब वृद्धांना काठ्या, वॉकर, चष्मे देण्यास प्रारंभ केला. २०२४ मध्ये राज्याने 'मुख्यमंत्री वयोश्री योजना' जाहीर केली. तीत ६५ वर्षांवरील पात्र व्यक्तीस साहित्यासाठी एकवेळ ३ हजार रुपये मिळतात.

हे सारे आवश्यकच आहे. तथापि योजनांचा भर चालणे अवघड झाल्यानंतरच्या मदतीवर आहे. पडू नये म्हणून करावयाची कामे निराळी असतात. मोतीबिंदूची वेळेवर शस्त्रक्रिया, झोपेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्यांचा फेरविचार, पायांत बळ आणणारे व्यायाम आणि घरातील धोके दूर करणे ही ती कामे होत. स्वच्छ भारत अभियानात १२ हजार रुपयांच्या अनुदानातून गावोगावी शौचालये उभी राहिली. उकिडवे बसून उठताना वृद्धाने धरायचे कशाला, याचा विचार मात्र त्यात झाला नाही.

विशेष म्हणजे, धोका ओळखण्याचे साधन शासनाच्या हाती आहे. आशा कार्यकर्ती घरोघरी जो आरोग्य तपासणीचा तक्ता भरते, त्यात साठीपुढील व्यक्तीस विचारले जाते : उभे राहताना किंवा चालताना तोल जातो काय? मोहाडीपासून लाखांदूरपर्यंत या एका प्रश्नाची उत्तरे जमविली, तर कोणत्या गावात कोण पडण्याच्या बेतात आहे, याची यादीच तयार होईल.

या 'होय'चे पुढे काय करायचे, हा खरा प्रश्न आहे. अशा प्रत्येक व्यक्तीचे डोळे, रक्तदाब व औषधे प्राथमिक आरोग्य केंद्राने ठरावीक मुदतीत तपासावीत. ग्रामपंचायतीने तिच्या शौचालयात भिंतीला लोखंडी दांडी बसवावी आणि वाटेवर दिवा लावावा. यासाठी नव्या योजनेची गरज नाही. आरोग्य, समाजकल्याण आणि ग्रामविकास या तीन खात्यांनी एकच यादी समोर ठेवून काम करणे पुरेसे आहे. वाटलेल्या काठ्या मोजणे सोपे असते. टळलेली पडझड मोजण्याची तयारी शासनाने आता दाखवावी.