चामखिळीतला खिळा

गाईच्या सडावर खडबडीत गाठ उगवली की तिला काय म्हणायचं, हे बारामती-इंदापूरच्या गोठ्यांत कुणाला शिकवावं लागत नाही. चामखीळ. पोराच्या बोटावर आली तरी चामखीळच. चामड्यात ठोकलेली खीळ. इतका उघडावाघडा शब्द. सुश्रुतसंहितेतला ‘चर्मकील’ झिजून तो आपल्यापर्यंत आला.

गंमत पोर्तुगालात आहे. तिथल्या डॉक्टरांचा शब्द ‘व्हेरुगा’, पण लोकांच्या तोंडी ‘क्रावु’. क्रावु म्हणजे खिळा: नाल ठोकायचा, क्रुसावरचा, आणि आकारावरून लवंगसुद्धा! बटाटा, पगार, चावी मराठीने पोर्तुगीजांकडून घेतले. हा शब्द घ्यायची वेळच आली नाही. कातडीवर दोघांनाही खिळाच दिसला होता.

उपायही भाऊबंदच. तिकडे अंजिराचा चीक, इकडे रुईचा, नाहीतर घोड्याच्या शेपटीचा केस. मुलांच्या पुष्कळ चामखिळी वर्ष-दोन वर्षांत आपोआप गळतात आणि श्रेय केसाला जातं. बिब्बा लावणाऱ्याला मात्र भाजल्याची जखम वर मिळते.

आता हा शब्द दवाखान्याच्या दाराशीच गळतो. आत सगळं ‘वॉर्ट’. बाहेर तीळ वेगळा, उडदासारखा उठलेला मस वेगळा, तळपायात रुतणारं कुरूप वेगळं. आणि हा भेद नुसता भाषेचा हट्ट नव्हे. कुरूप चपलेच्या दाबाने होतं, चामखीळ विषाणूने. एक पसरत नाही, दुसरी पसरते.

त्या विषाणूचं नाव ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजेच एचपीव्ही. त्याचे शंभराहून अधिक प्रकार. काहींनी बोटांवर चामखिळी येतात, दुसऱ्या काहींनी गर्भाशयमुखाचा कर्करोग होतो. हा संबंध दाखवणाऱ्या हाराल्ड त्सुर हाउझेन यांना 2008 साली नोबेल मिळालं. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने 2023 साली या विषाणूवरची देशी लस आणली. तरीही लशीची माहिती ‘एचपीव्ही’ या तीन अक्षरांत अडकते आणि ऐकणाऱ्या बाया मान डोलावून घरी जातात. ‘चामखीळ आणणाऱ्या विषाणूच्या भावकीतला, पण वेगळ्या घरचा’ असं सांगायला काय हरकत आहे? भावकी म्हणजे काय, हे इंदापुरात समजावून सांगावं लागत नाही.

मग पुढचा प्रश्न गोठ्यातून येईलच: गाईची चामखीळ धार काढणाऱ्या बाईला लागते का? लागत नाही. गाईचा विषाणू गाईपुरता. पण तिची सडं हाताळल्यावर हात धुवायचे, नाहीतर त्याच हातांनी ती शेजारच्या गाईला जाते.