मोज्याची आतली बाजू

थंडीचे दिवस आले की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा नूर पालटतो. पावसाळ्यात लोणच्यावरील बुरशीविषयी विचारणाऱ्या भगिनी आता लोकरीचे वजन, सुयांचे क्रमांक आणि बाळाच्या टोपीचे टाके विचारू लागतात. यंदा त्यांपैकी तीन-चार जणींनी मोजे विणावयास शिकवा, असा आग्रह धरला होता आणि मी तो मनोमन मान्यही केला होता. परंतु हे लिहावयास बसले असताना माझ्यासमोर मेजावर पुरा झालेला एकच मोजा पडलेला आहे, आणि नवे वर्ष उजाडून आठवडा लोटला आहे. तेव्हा शिकविण्यापूर्वी कबुली देणे बरे.

आमच्या घरात एक लहानसा प्रघात आहे. नोकरीनिमित्त आम्ही दिल्लीस येऊन राहिलो, त्या पहिल्याच हिवाळ्यात मुलाला शाळेत घालण्यासाठी मी बिनबाह्यांचा स्वेटर विणला. तो पुरा झाला ३१ डिसेंबरच्या रात्री, आणि १ जानेवारीच्या सकाळी तो घालून स्वारी अंगणभर मिरवली. तेव्हापासून वर्षाच्या शेवटच्या रात्री घरातील प्रत्येकाच्या हाती माझ्या सुईवरून उतरलेली एक तरी वस्तू पडावी, असे ठरून गेले. सासूबाई प्रथम नाराज होत्या. "आपलं नवं वर्ष पाडव्याला. हे कसलं मध्येच?" असे त्या म्हणत. परंतु चैत्राच्या उन्हात लोकरी बनियन कोण अंगात घालणार, हे त्यांनाही पटण्यासारखे होते, आणि पुढे त्या स्वतःच डिसेंबर लागला की माझ्या पिशवीत डोकावून "यंदा मला काय?" म्हणून विचारू लागल्या. आज त्या नाहीत. मुलगा पुण्यास असतो. पण नाताळच्या सुटीत तो, सून आणि नात येथे येतात, आणि तो प्रघात अजून चालू आहे. म्हणजे, यंदापर्यंत चालू होता.

यंदा नातीसाठी मी लाहौली मोजे विणावयास घेतले होते. त्यामागे एक कारण घडले होते.

गेल्या जूनमध्ये आम्ही उभयता हिमाचल प्रदेशात गेलो होतो. मनालीच्या बाजारात मी लाहौली मोज्यांचा एक जोड पाहिला: जाड लोकर, घोट्याच्या वर लाल, हिरव्या, पिवळ्या, काळ्या रंगांची नक्षी. दुकानदाराने सांगितलेल्या किमतीतून मी दीडशे रुपये कमी करवून घेतले आणि त्या पराक्रमाची कथा वाटेत दोनदा यजमानांना ऐकविली. तेथून बोगद्याने पलीकडे जाऊन आम्ही केलाँग येथे एका परिचितांच्या घरी उतरलो. घरातील वृद्ध आजींना मी मोठ्या हौसेने ते मोजे दाखविले. त्यांनी नक्षीकडे पाहिलेच नाही. मोजा हातात घेतला, सरळ उलटा केला आणि आतली बाजू खिडकीजवळच्या उजेडात धरली. एक-दोन ठिकाणी नखाने धागा चाचपून पाहिला. मग हिंदीतून एवढेच विचारले की, ताई, कितीला घेतलात? मी सांगितले. त्यांनी मोजा पुन्हा सुलटा केला, घडी घालून माझ्या हाती दिला आणि चहा आणावयास त्या उठल्या.

त्या काही बोलल्या असत्या तर बरे झाले असते.

आतल्या बाजूत एवढे काय असते, ते विणणाऱ्या भगिनींना सांगावयास नको, इतरांसाठी सांगते. एका ओळीत दोन रंग खेळवावयाचे असतात, तेव्हा ज्या रंगाची पाळी नसते तो धागा टाक्यांच्या मागून सोडत न्यावा लागतो. तो फार ओढला तर मोजा आखडतो आणि टाचेवरून वर चढत नाही. सैल सोडला तर आत फासे लोंबतात व पायाचे बोट त्यात अडकते. आपल्याकडे जोडवी घालणाऱ्या बायकांची तर फारच पंचाईत. म्हणून बाहेरची नक्षी कशीही डोळ्यांत भरो, विणणारीचा हात कळतो तो आतून. शिवाय हे मागून जाणारे धागे म्हणजे मोज्याचा दुसरा पदरच होय. दोन थरांमध्ये हवा कोंडून राहते आणि तीच पायाला ऊब देते. नक्षी ही केवळ शोभेसाठी नसून उबेसाठीही आहे, हे मला त्या खिडकीपाशी प्रथमच उमगले.

हे विणकाम लाहौलात आले कोठून, याचीही कथा आहे. तेथील लोकांना लोकर नवी नव्हती. मेंढ्या पाळणे, चालता-बोलता टकळीवर सूत काढणे, मागावर पट्टू विणणे हे हिमालयाच्या त्या भागात पिढ्यान् पिढ्या चालत आलेले आहे. परंतु सुयांवरचे मोजे तेथे रुजले ते एकोणिसाव्या शतकात. मोरावियन पंथाचे जर्मन मिशनरी तिबेटमार्गे मंगोलियात जाण्यासाठी निघाले होते. तिबेटचा दरवाजा त्यांना उघडला नाही, म्हणून १८५० नंतरच्या त्या दशकात त्यांनी केलाँग येथेच ठाण मांडले. त्यांपैकी विल्हेल्म हाइडे यांच्याशी विवाह करण्यासाठी मारिया नावाची तरुणी १८५९ साली एवढ्या दूर आली आणि पुढे सुमारे चार दशके हे दांपत्य त्या खोऱ्यात राहिले. मारियाबाईंनी तेथील मुली-बायकांना विणकाम शिकविण्यास आरंभ केला. मिशनचा मूळ हेतू धर्मप्रसाराचा होता, पण त्यात त्यांना फारसे यश आले नाही. केलाँगचे ते ठाणे पुढे बंदही झाले. सुया मात्र राहिल्या. त्या सुयांवर लाहौली बायकांनी आपल्या रंगांची व आपल्या नक्षीची अशी भर घातली की, आज तो मोजा पाहून कोणास जर्मनीची आठवण होणार नाही. २०२१ साली लाहौली मोजे व हातमोजे यांना भौगोलिक मानांकन मिळाले. आपल्या कोल्हापुरी चपलेस मिळालेले आहे, तशाच प्रकारचे.

मुली-बायकांनी ही कला एवढी उचलली, त्याला तेथील हिवाळा कारण आहे. केलाँग सुमारे तीन हजार मीटर उंचीवर, आणि मनालीकडून तेथे जाण्याची वाट ३,९७८ मीटर उंचीच्या रोहतांग खिंडीतून. बर्फ पडू लागले की ती खिंड मिटे आणि वर्षातील बरेच महिने खोरे उरलेल्या देशापासून तुटून राही. आजींनी सांगितले की, हिवाळ्यापूर्वी धान्य, सरपण आणि जनावरांचा चारा एकदा घरात आला की मग शेतात काम नाही, वाटेवर माणूस नाही. शेगडीभोवती सारे घर बसे आणि बायकांच्या हाती सुया असत. वेळ भरपूर होता. त्याची किंमत कोणी मोजीत नसे.

३ ऑक्टोबर २०२० रोजी ९.०२ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा खुला झाला आणि हा सारा हिशेब बदलला. आजारी माणसाला हिवाळ्यात मनालीस नेता येऊ लागले, हे एकच कारण त्या बोगद्याच्या स्वागताला पुरेसे आहे. पूर्वी हेलिकॉप्टरची वाट पाहत, आकाश केव्हा निवळते इकडे डोळे लावून बसावे लागे. आजींच्या घरी बोगद्याविरुद्ध एक शब्दही मी ऐकला नाही. पण आता हिवाळ्यातही पाहुणे येतात, घरात उतरतात, त्यांचे जेवणखाण पाहावे लागते. सुनेला सुया हाती घेण्यास रात्री दहापूर्वी सवड होत नाही. आणि मोजे विकत मागणारी माणसेही त्याच बोगद्यातून येतात. दीडशे रुपये कमी करा म्हणणारी.

त्यांच्या नव्या वर्षाविषयी मी विचारले, तेव्हा आजी खुलल्या. लाहौलात नवे वर्ष एका दिवशी येत नाही. खोऱ्या-खोऱ्यातून निरनिराळ्या तिथींना ते येते. केलाँगच्या बाजूस जानेवारीत, लामा ठरवून देतील त्या रात्री, हालडा होतो. जुनिपर या सुवासिक झाडाच्या लाकडाच्या चिरफळ्या एकत्र बांधून मशाली करतात. त्यांनाही हालडाच म्हणतात. घराघरातून त्या पेटवून बाहेर आणतात आणि ठरल्या जागी नेऊन साऱ्यांची मिळून एक आग होते. हा उत्सव शिस्कर आपा या धनसमृद्धीच्या देवतेचा आहे.

पुढे चंद्रा आणि भागा या नद्यांचा संगम होऊन जी चंद्रभागा वाहते (नाव ऐकून आपल्या मनात पंढरपूर उभे राहते, पण ही हिमालयातली, चिनाब म्हणून काश्मीरकडे जाणारी), तिच्या पट्टन खोऱ्यात फेब्रुवारीच्या सुमारास फागली येते. त्या दिवशी घरात दोन-तीन फूट उंचीची बांबूची काठी उभी करतात. तिला शुभ्र वस्त्र गुंडाळतात, दागिने घालतात, झेंडूची फुले वाहतात आणि तिच्यापुढे पक्वान्ने मांडतात. तिला बराझा म्हणतात. शिखरावरची आजी त्या रूपाने घरी येते आणि वर्षभराची बरकत देऊन जाते, अशी श्रद्धा आहे. मग घरातील लहान मंडळी मोठ्यांच्या पाया पडतात.

हे ऐकताना मी एकदम थांबले. बांबूची काठी, नवे वस्त्र, फुले, समोर नैवेद्य! आमच्याकडे तिच्यावर तांब्या पालथा घालून ती खिडकीबाहेर उन्हात उभारतात. तुमच्याकडे बाहेर बर्फ, म्हणून ती घरात, एवढाच काय तो फरक, असे मी म्हणाले. दोहोंचा काही ऐतिहासिक संबंध आहे, असे माझे मुळीच म्हणणे नाही. मी गुढी कशी उभारतात ते हातवारे करून सांगितले, तेव्हा आजींनी विचारले की, तुमच्या गुढीच्या रूपाने कोण येते? आम्ही ब्रह्मध्वज म्हणतो, विजयाची खूण म्हणतो, असे मी सांगितले. पण कोण येते, या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. शिखरावरून उतरून येणारी म्हातारी मला फार आवडली.

अलीकडच्या वर्षांत सिस्सू भागातील ग्रामस्थांनी जानेवारी-फेब्रुवारीतील या सणांच्या काळात पर्यटकांना आपल्या गावात येण्यास काही आठवडे मज्जाव केल्याच्या बातम्या आपणही वाचल्या असतील. त्या दिवसांत गोंगाट वर्ज्य मानतात. बोगद्याच्या तोंडाशीच असलेल्या, पाहुण्यांवर चार पैसे मिळविणाऱ्या गावांनी ऐन हंगामात असे करावे, याचे कित्येकांना नवल वाटले. मला वाटले नाही. पूर्वी बर्फ आपण होऊन दार लावीत असे. आता ते हाताने लावावे लागते, आणि त्यात पदरचे नुकसान सोसावे लागते. सण घरच्यांचा राहावा म्हणून एवढी किंमत आपल्यापैकी किती घरे मोजतील?

तर, तो जोड समोर ठेवून मी ऑक्टोबरअखेर विणावयास बसले. दोन्ही टोकांना अणी असलेल्या सुया, तीन सुयांवर टाके वाटून घेतलेले आणि चौथीने विणावयाचे. काठ दोन सुलट, दोन उलट असा सहज झाला. नक्षीला हात घातला मात्र, आणि धागे एकमेकांत गुंतू लागले. चार रंगांचे चार गुंडे. दर ओळीला ते सोडवीत बसावे लागे. पहिल्या खेपेस नक्षी इतकी आखडली की नातीची टाच काय, माझी मूठही आत जाईना. सारे उसवले. दुसऱ्या खेपेस टाचेच्या वळणावर टाके मोजण्यात चूक झाली, पुन्हा उसवले. सरतेशेवटी जो एक मोजा तयार झाला, त्याला माझे एकोणीस दिवस, रोजचे दोन-अडीच तास, लागले. लाहौली बाईचा हात माझ्या तिप्पट चालतो असे धरले, तरी जोडाला किती तास झाले, हा हिशेब मी करून पाहिला. त्यातून दीडशे रुपये वजाही करून पाहिले. तो आकडा येथे छापावा असे वाटत नाही.

३१ डिसेंबरच्या रात्री मुलाला मफलर मिळाला, सुनेला टोपी मिळाली, यजमानांना दरवर्षीप्रमाणे हातमोजे मिळाले. नातीपुढे मी तो एकुलता मोजा ठेवला आणि माझी चूक कबूल केली. मनालीची गोष्टही सांगितली, दीडशे रुपयांसकट. ती दहा वर्षांची आहे. तिने मोजा उलटा केला, आत हात घालून पाहिला, मग डाव्या पायात चढविला आणि विचारले, "आजी, त्या आजींचं नवं वर्ष अजून यायचंय ना?"

"हो गं. हालडा व्हायचा आहे. मग फागली."

"मग तोपर्यंत दुसरा होईल की."

ती पुण्यास परत गेली आहे. जाताना मोजा येथेच ठेवून गेली, कारण दुसरा त्याच्या मापाने व्हावयास हवा. त्याचा काठ झाला आहे आणि नक्षीच्या सात ओळी उतरल्या आहेत. काल रात्री तो उलटा करून दिव्याखाली धरला. एके ठिकाणी हिरवा धागा सैल पडला आहे. आज तेवढ्या दोन ओळी उसवून पुन्हा घेणार आहे. मोजे विणण्याची रीत मागणाऱ्या भगिनींनी तोवर धीर धरावा. टाचेचे वळण हाती बसले की, पुढील अंकी टाक्यांच्या संख्येसह सविस्तर देईन.