अडाणी नक्की कोण?

"लोक अडाणी आहेत हो, गोळ्या अर्धवट सोडतात." गेल्या शनिवारी घोटीत एका डॉक्टरसाहेबांकडून हे ऐकलं आणि डोकंच सटकलं.

माझे मामा घोटीच्या भातगिरणीत आयुष्यभर राबले. महिनाभर खोकला होता. कोंडा नाकातोंडात जातोच, म्हणून आधी आम्हीच दुर्लक्ष केलं, खोटं कशाला बोलू. मग याच साहेबांच्या हॉस्पिटलात (नाव नको) नेलं. एक्स-रे, सलाईन आणि लिव्होफ्लॉक्सासिन. आठवडाभर बरं वाटलं, पुन्हा खोकला, पुन्हा तेच औषध. थुंकी तपासा असं कोणी म्हटलंच नाही! शेवटी सरकारी दवाखान्यात तपासली, फुकटात. टीबी.

मंडळी, 2014 पासून 'स्टँडर्ड्स फॉर टीबी केअर इन इंडिया' नावाचे लेखी निकष आहेत. दोन आठवड्यांवर खोकला असेल तर टीबीची तपासणी करा, इतकं सोपं. आणि लिव्होफ्लॉक्सासिन टीबीच्या जंतूंवरही चालतं, म्हणून तात्पुरता आराम पडतो आणि निदान लांबतं. मामांचं हेच झालं.

हे एकट्या घोटीचं नाही. 1991 साली मुंबईत 100 खाजगी डॉक्टरांना टीबीचं प्रिस्क्रिप्शन विचारलं, 80 प्रकार निघाले. 2010 च्या अभ्यासात 106 डॉक्टर, 63 प्रकार, बरोबर फक्त 6. मग 2014-15 मध्ये मुंबई आणि पाटण्यात खोटे पेशंट पाठवून पाहिलं, योग्य सल्ला मिळाला 35 टक्के वेळा. आमच्याकडे 100 पैकी 65 टेस्ट फेल गेल्या तर युजरला अडाणी म्हणत नाहीत, रिलीज थांबवतात.

कायदा आहे की! 2012 पासून टीबीचा पेशंट सरकारला कळवणं सक्तीचं आहे, 2018 साली तर न कळवणाऱ्यांना कैदेची भीती घातली गेली. पण टीबी शोधलाच नाही तर कळवणार काय, कप्पाळ? थुंकी का तपासली नाही हे विचारणारं कोणीच नाही.

सरकारी कारभारही धुतल्या तांदळासारखा नाही. 2024 च्या मार्चमध्ये गोळ्याच संपत आल्या, राज्यांना स्थानिक खरेदी करायला सांगावं लागलं. तेव्हा गोळ्या कोणी सोडल्या होत्या?

असो. मामांचा तिसरा महिना चालू आहे, एक गोळी चुकलेली नाही. मामींनी त्या हॉस्पिटलची फाईल जपून ठेवलीय. सोमवारी रजा टाकून ती घेऊन नाशिकला जिल्हा क्षयरोग केंद्रात जातोय. काय म्हणतात ते पुढच्या वीकेंडला लिहितो.