पाणी ओतणं म्हणजे दुरुस्ती नव्हे



आपल्या शाळेतल्या कित्येक मुलांचं घर एका जुन्या पिकअपवर चालतं. कुणाचे वडील भाजी बाजार समितीत नेतात, कुणाचे रत्नागिरीहून आंबे भरून आंबा घाटाने कोल्हापूरला जातात. गाडी दहा-पंधरा वर्षांची झाली की एक तक्रार हमखास ऐकू येते, "गाडी गरम होते." मग काय? थांबायचं, पाणी ओतायचं, निघायचं. आठवड्याने पुन्हा तेच! माझं स्पष्ट मत आहे, पाणी ओतणं ही दुरुस्ती नव्हे, आणि हे मुलांना विज्ञानाच्या तासाला शिकवायला हवं.

बिघाड पुन्हा पुन्हा येतो, याचा अर्थ मूळ कारण सापडलेलं नाही. आपण मात्र पहिला प्रश्न विचारतो, "कोणता पार्ट बदलू?" खरा पहिला प्रश्न आहे, "गाडी केव्हा गरम होते?" बघा, या एका प्रश्नाने शोध किती सोपा होतो.

१) उभी असताना किंवा गर्दीत गरम होते, मोकळ्या रस्त्यावर काटा खाली येतो : आधी पंखा तपासा. धावत्या गाडीला वारा आपोआप मिळतो, उभ्या गाडीला तो पंख्यानेच ओढावा लागतो. बेल्ट सैल असेल किंवा पंख्याचा क्लच कमजोर झाला असेल.

२) माल भरून घाट चढतानाच गरम होते : रेडिएटर तपासा. वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतल्यामुळे आतल्या नळ्यांत क्षार साचतात, बाहेरून जाळीत चिखल बसतो. सपाट रस्त्यावर भागतं, चढावर भागत नाही.

३) सुरू केल्यावर थोड्याच वेळात गरम होते : थर्मोस्टॅट अडकला असू शकतो. साधारण ८० ते ९० अंश सेल्सिअसला ही झडप उघडून पाणी रेडिएटरकडे सोडते. ती बंदच राहिली, तर इंजिन तापतं आणि वरचा होज पाइप मात्र गार राहतो.

४) गळती कुठेच दिसत नाही, तरी गाडी पाणी खाते : हेड गॅस्केटचा संशय घ्या. सायलेन्सरमधून सतत पांढरा धूर आणि दुधाळ झालेलं ऑइल या त्याच्या खुणा. इथे चालढकल केली तर हेड वाकतं आणि खर्च कित्येक पटींनी वाढतो.

हा अंतिम निकाल नाही, शोधाची दिशा आहे. वॉटर पंप, रेडिएटरचं झाकण, फुगलेले पाइप हेही बघावेच लागतात. पण एका वेळी एकच गोष्ट बदला आणि परिणाम पाहा. प्रयोगशाळेत आपण हेच तर शिकवतो! तीन पार्ट एकदम बदलले की पैसे तिप्पट जातात आणि दोष कशात होता ते कळतच नाही. "थर्मोस्टॅट काढूनच टाका" हा सल्लाही असाच. त्याने इंजिन योग्य तापमानाला यायला वेळ लागतो, इंधन जास्त जळतं आणि तुंबलेला रेडिएटर तुंबलेलाच राहतो.

काही पालक म्हणतील, "गॅरेजचं काम शाळेत कशाला?" त्याचं उत्तर रेडिएटरच्या झाकणात आहे. दाब वाढला की पाण्याचा उत्कलनांक वाढतो, हे प्रेशर कुकरचं उदाहरण देऊन आपण शिकवतो. रेडिएटरचं झाकणही तोच दाब धरून ठेवतं, म्हणून आतलं पाणी १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण उघडताच दाब जातो आणि त्या पाण्याची क्षणात वाफ होऊन ते अंगावर उसळतं. वडिलांच्या मदतीला धावलेल्या मुलाचा चेहरा आणि हात भाजायला एवढं पुरतं. धडा पाठ असूनही मुलगा गरम इंजिनाचं झाकण उघडणार असेल, तर तो धडा त्याला समजला असं मी म्हणणार नाही. इंजिन बंद करून ते पूर्ण गार होऊ द्यायचं, मगच झाकणाला हात लावायचा. आणि तापलेल्या इंजिनात गार पाणी एकदम ओतायचं नाही, हेड तडकू शकतं.

एक छोटा उपक्रम सुचवतो. मुलांना एक वही करायला सांगा. त्यात चार रकाने आखायचे : गाडी कुठे गरम झाली, भार किती होता, किती वेळ चालली होती, पाणी किती भरलं. वडिलांना विचारून महिनाभर नोंदी करायच्या. गाडीला हात लावायची गरज नाही. मग ती वही मेस्त्रींना दाखवायची. जाणता मेस्त्री अशा नोंदी पाहून खूश होईल, कारण त्याचं निम्मं काम झालेलं असेल.

तेच गणित मुलाचं वारंवार चुकतं, तेव्हाही आपण नुसता सराव वाढवतो, चूक नेमक्या कोणत्या पायरीवर होते ते पाहत नाही. तेही पाणी ओतणंच झालं, नाही का?